वैद्यकीय संशोधक व्हायचंय? मग या चुका टाळा

सगळ्यात महागात पडणारी चूक पीएचडीला प्रवेश घेतानाच होते: संस्थेचं नाव बघून प्रयोगशाळा निवडणं. पुढची चार-सहा वर्षं तुमची गाठ गाइडशी असते, संस्थेच्या नावाशी नाही. होकार कळवण्याआधी तिथल्या आजी-माजी विद्यार्थ्यांशी बोला, तेही गाइड समोर नसताना. पीएचडी किती वर्षांत झाली? पेपरवर पहिलं नाव कुणाचं लागलं? मधेच किती जण सोडून गेले? बोलायला सगळेच कचरत असतील, तर दुसरी प्रयोगशाळा शोधा. आत गेल्यावर पटत नाही असं लक्षात आलं, तर पहिल्याच वर्षी सल्लागार समितीला सांगा. तिसऱ्या वर्षी गाइड बदलणं फार जड जातं.

डॉक्टर असल्याशिवाय या क्षेत्रात येता येत नाही, हा गैरसमज अनेक चांगल्या विद्यार्थ्यांना दूर ठेवतो. एमआरएनए लशींचा पाया घालणाऱ्या कामासाठी २०२३ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल विभागून मिळालेल्या कॅटालिन कारिको जीवरसायनशास्त्रज्ञ आहेत. मात्र रुग्णांवर उपचार करायचे असतील, तर वैद्यकीय पदवी आणि परवाना हवाच. त्यामुळे आपल्याला प्रयोगशाळेत रमायचंय की रुग्णांमध्ये, हे आधी ठरवा.

संख्याशास्त्राकडे केलेलं दुर्लक्ष तर हमखास नडतं. डेटा गोळा झाल्यावर संख्याशास्त्रज्ञाकडे धावून उपयोग नसतो. नमुना किती मोठा हवा, हे सुरुवातीलाच ठरवावं लागतं. पी-व्हॅल्यूसाठी (खरा फरक नसताना निव्वळ योगायोगाने असा निकाल येण्याची शक्यता) ०.०५ ची मर्यादा धरून वीस स्वतंत्र चाचण्या केल्या, तर खरा फरक कुठेच नसतानाही निदान एक निकाल ‘लक्षणीय’ निघण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते. तो एक निकाल उचलून पेपर लिहिणं म्हणजे स्वतःची आणि पुढे त्यावर विसंबणाऱ्या रुग्णांची फसवणूक. मुख्य प्रश्न आणि विश्लेषणाची पद्धत आधीच लिहून ठेवा. क्लिनिकल ट्रायल असेल, तर पहिला रुग्ण सहभागी होण्यापूर्वी तिची नोंदणी झालेली असली पाहिजे.

प्रयोगाचे निकाल पुन्हा येत नाहीत? नवी थिअरी मांडण्याआधी सेल लाइन (प्रयोगशाळेत सतत वाढवत ठेवलेल्या पेशी) तपासा. झपाट्याने वाढणाऱ्या हेला या कर्करोगाच्या पेशींनी इतर अनेक सेल लाइन दूषित केल्याचं १९६० च्या दशकापासून माहीत आहे. एसटीआर प्रोफायलिंग (डीएनएवरून पेशींची ओळख पटवणं) आणि मायकोप्लाझ्मा या जिवाणूची चाचणी करून घ्या, मग प्रयोगात वापरलेल्या अँटिबॉडी तपासा.

नोकरीच्या बाबतीत मी स्पष्टच सांगेन: प्राध्यापकाच्या जागा पीएचडी होणाऱ्यांपेक्षा फार कमी आहेत. त्या आशेवर एकामागून एक पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं तात्पुरतं संशोधनाचं काम) करत राहू नका. औषध कंपन्या, ट्रायल चालवणाऱ्या कंत्राटी संशोधन संस्था (सीआरओ), बायोस्टॅटिस्टिक्स, औषधांच्या मंजुरीचं काम, मेडिकल रायटिंग हे सगळे सन्मानाचे मार्ग आहेत. पहिल्या पोस्टडॉकच्या दुसऱ्या वर्षीच तिथल्या जाहिराती वाचायला लागा आणि त्यात वारंवार मागितलेलं एखादं कौशल्य हातातल्या प्रकल्पावरच शिकून घ्या.