कॉम्प्युटरमध्ये नवा पार्ट बसवल्यावर स्क्रीन काळीच राहिली तर

पंखे फिरतायत, दिवे लागलेत, पण मॉनिटरवर ‘नो सिग्नल’. पार्ट खराब निघाला म्हणून लगेच दुकान गाठू नका. आधी केबल बघा. ग्राफिक्स कार्ड नवं असेल तर मॉनिटरची केबल त्याच्याच पोर्टात हवी. सवयीने ती मदरबोर्डच्या पोर्टात खोचली जाते. कार्डाला ६ किंवा ८ पिनांची पॉवर केबल लागत असेल तर तीही नीट आत गेलीय ना, तपासा.

रॅम वाढवली असेल तर बहुधा गडबड तिथेच असते. प्लग काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, अंगातली स्थिर वीज निघून जावी म्हणून कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा. सगळ्या स्टिक काढून एकच बसवा. चार स्लॉटच्या बोर्डावर सहसा प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये. ‘टक्’ आवाज आला पाहिजे. एक बाजू किंचित वर राहिली तरी वरून सगळं ठीकच दिसतं. रॅम डीडीआर५ या नव्या पिढीची असेल तर पहिल्यांदा सुरू होताना काही मिनिटं स्क्रीन काळी राहू शकते. बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो, मध्येच बंद करू नका.

तरीही ढिम्म? प्लग काढलेलाच ठेवून बोर्डवरचा नाण्यासारखा सीआर२०३२ सेल पाच-दहा मिनिटं काढून ठेवा, बायोसच्या (बोर्डातल्या, कॉम्प्युटर सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) सेटिंग पुसल्या जातील.

प्रोसेसर बदलला असेल तर मदरबोर्ड कंपनीच्या साइटवर तो कोणत्या बायोस आवृत्तीपासून चालतो ते बघा. आणि इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाअखेर ‘एफ’ असेल तर त्यात ग्राफिक्स नसतंच, वेगळं कार्ड लागेल.