माध्यम देखरेखीच्या सरकारी कंत्राटाची प्रत कशी मिळवावी आणि कशी तपासावी

वृत्तपत्रांची कात्रणे काढून वरिष्ठांपुढे ठेवणे हे सरकारी माहिती खात्याचे जुनेच काम आहे. परंतु ते खासगी संस्थेकडे जाते तेव्हा ती नेमके कशावर लक्ष ठेवणार, हे कंत्राटाच्या अटींवरून ठरते. मार्च 2025 मध्ये महाराष्ट्र शासनाने सुमारे 10 कोटी रुपये खर्चाच्या माध्यम देखरेख केंद्राला मान्यता दिली, त्यात बातम्यांचे सकारात्मक आणि नकारात्मक असे वर्गीकरणही अपेक्षित आहे. अशा कंत्राटांवर कायद्याने मर्यादा यावी असे ज्यांना वाटते, त्यांनी आधी कंत्राटाची प्रत मिळवून वाचावी.

निविदा महाटेंडर्स या राज्य शासनाच्या ई-निविदा संकेतस्थळावर शोधावी. करारनाम्यासाठी मात्र माहिती अधिकार अधिनियम, 2005 खाली, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. राज्याच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि साधारणतः 150 शब्दांचा असावा लागतो, म्हणून कारणे देण्यात शब्द घालवू नयेत. कलम 6(2) प्रमाणे अर्जदारावर तसे बंधनही नाही. ‘केंद्रात काय चालते?’ असे मोघम विचारण्याऐवजी ‘निवड झालेल्या संस्थेशी केलेल्या करारनाम्याची सर्व जोडपत्रांसह साक्षांकित प्रत आणि अदा केलेल्या देयकांच्या प्रती द्याव्यात’ असे लिहावे. 30 दिवसांत उत्तर न आल्यास प्रथम अपील करावे. व्यापारी गोपनीयतेचे कारण पुढे आल्यास, व्यापक लोकहितासाठी अशी माहितीही देता येते आणि कलम 10 नुसार गोपनीय भाग वगळून उरलेली प्रत देता येते, हे दोन्ही मुद्दे अपिलात आवर्जून मांडावेत.

प्रत हाती आली की सर्वप्रथम ‘कामाची व्याप्ती’ वाचावी, कारण खरा धोका तेथेच दडलेला असतो. केंद्र सरकारच्या 2018 मधील सोशल मीडिया कम्युनिकेशन हबच्या निविदेत, चर्चा घडवणाऱ्या व्यक्तींशी झालेल्या संवादाच्या नोंदी वेगवेगळ्या माध्यमांतून एकत्र जोडून त्या व्यक्तीचे सर्वांगीण चित्र उभे करण्याची अपेक्षा होती. बातमी वाचणे आणि बातमी लिहिणाऱ्या माणसाची नोंद ठेवणे यांतील अंतर अशा एका वाक्यात पुसले जाते. तृणमूल काँग्रेसच्या नेत्या महुआ मोइत्रा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने याला पाळत ठेवणाऱ्या राज्याची उपमा दिली, आणि ऑगस्ट 2018 मध्ये सरकारने प्रस्ताव मागे घेतला.

म्हणून व्यक्तींच्या नोंदी, त्या जपण्याची मुदत आणि कंत्राट संपल्यावर त्यांची मालकी यांविषयीची कलमे क्रमांकासह टिपून घ्यावीत, आणि तीच आपल्या आमदारांना देऊन विधिमंडळात तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, विचारण्याची लेखी विनंती करावी.