दम रोखताना सारखा आवंढा येतो? या चुका टाळा

फ्रीडायव्हिंग, म्हणजे हवेच्या टाकीशिवाय एका दमात पाण्याखाली जाणं, शिकायला येणारा घाबरतो दम संपण्याला, आणि त्याला आधी छळतो तो आवंढा. छाती शांत, पोट शांत, घड्याळात अजून मिनिटही झालेलं नाही आणि घशात काहीतरी अडकल्यासारखं होतं. गिळलं की बरं वाटतं, पण लगेच पुन्हा तेच. मग माणूस आवंढ्याशीच झगडत बसतो आणि दम शिल्लक असताना डोकं वर काढतो.

सगळे आवंढे एकाच मापाने मोजू नका

आवंढा कधी येतो ते आधी बघा. पहिल्या अर्ध्या-पाऊण मिनिटातच येत असेल, तर कारण बहुधा तोंडात, नाकात, मानेत किंवा जेवणात असतं. बराच वेळ निवांत गेल्यावर आला आणि पाठोपाठ पोटात उचकीसारखे झटके सुरू झाले, तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत चालला आहे असं समजा. पहिल्याचा बंदोबस्त होतो. दुसरा येणारच, त्याला नीट वागवायला शिकायचं.

मुंबईच्या किनाऱ्याचं पाणी गढूळ. त्यामुळे आपला सराव होतो घरी गादीवर नाहीतर पोहण्याच्या तलावात, आणि खरं खोल पाणी कर्नाटकातल्या नेत्राणी बेटावर किंवा अंदमानला गेल्यावर. गादीवर आणि तलावात आवंढ्याची तऱ्हा वेगळी असते. गादीवर उताणं झोपलं की लाळ सरळ घशाकडे उतरते आणि गिळावंसं वाटतं. डोक्याखाली पातळ उशी घ्या, किंवा कुशीवर वळा. तलावात पालथं तरंगताना लाळ पुढच्या दातांमागे जमते, घशाला तिचा त्रास नसतो. घरी हैराण झालेली माणसं पाण्यात एकदम सुधारतात, ती म्हणूनच.

सरावाआधी काय पोटात गेलं?

वडापाव आणि वर कटिंग घेऊन तासाभरात आडवं झालात, तर घशाशी आंबट येणारच. जेवण आणि सराव यांत दोन-तीन तास राहू द्या. दुधाने कफ वाढत नाही, पण लाळ घट्ट झाल्यासारखी वाटते, म्हणून चहा नंतर. बडीशेप, सुपारी, च्युइंगगमही नको, त्यांनी लाळ सुटते. याच्या उलट, तयारीचे श्वास तोंडाने घेत राहिलं की घसा कोरडा पडतो आणि कोरड्या घशालाही गिळावंसंच वाटतं. श्वास नाकाने घ्या, पाणी दिवसभर थोडं थोडं प्या. ऐनवेळी गटागट अर्धी बाटली रिचवू नका.

हिवाळ्यात बांधकामांची धूळ आणि तलावातलं क्लोरिन यांनी नाक वाहतं आणि ते पाणी मागून घशात उतरतं. जलनेतीने बऱ्याच जणांना आराम पडतो, मात्र पाणी उकळून गार केलेलंच हवं. सर्दी असेल तर डाइव्हला सुट्टी, कारण खाली जाताना दाबाने दडे बसलेले कानही मोकळे होणार नाहीत.

भस्त्रिका करून पाण्यात उतरणं

ही चूक जिवाशी खेळणारी आहे आणि आपल्याकडे ती फार चांगल्या हेतूने होते. प्राणायाम येणारी माणसं दम रोखायच्या आधी भस्त्रिका किंवा कपालभाती करतात. आवंढा खरंच उशिरा येतो, झटकेही उशिरा सुरू होतात, म्हणून उपाय सापडल्यासारखं वाटतं. घडतं एवढंच की कार्बन डायऑक्साइड उडून जातो. निरोगी माणसाचं रक्त आधीच ९७-९८ टक्के ऑक्सिजनने भरलेलं असतं, त्यात फारशी भर पडत नाही. म्हणजे ऑक्सिजन नेहमीसारखाच संपत जातो, फक्त इशारा येत नाही, आणि माणूस पाण्यात बेशुद्ध पडतो. आवंढा लांबवण्यासाठी जोरजोरात श्वास कधीही घेऊ नका.

दुसरी सवय जालंधर बंधाची. कुंभकात ती जागेवर असेल, तलावात हनुवटी छातीला टेकवून घसा आवळला की आवंढा हमखास.

गिळू की नको?

गिळा. एकदा, हळू, आणि विषय सोडा. गिळताना श्वास आपोआप क्षणभर थांबतो, म्हणून श्वासाची ओढही तेवढ्यापुरती कमी झाल्यासारखी वाटते. शरीराला ही सवलत आवडते आणि ते ती पुन्हा मागतं. आता बसल्या जागी लागोपाठ पाच वेळा आवंढा गिळून बघा. तिसऱ्या-चौथ्यालाच लाळ संपते, गळ्याचा घाटा वर जाऊन अडकतो आणि जबडा आवळला जातो. पाण्यात हेच घडलं की मान आणि खांद्यांना फुकटचं काम लागतं.

सोबत्याला शेजारून सगळं दिसतं. आधी मानेमागची शीर ताठ होते, मग खांदे कानांकडे सरकतात, पाण्यात सैल लोंबणारी बोटं वळतात आणि मग घाटा हलतो. चांगला सोबती बोटं वळताना पाहूनच खांद्यावर हात ठेवतो. "मान सोड गं, जबडा सोड," एवढं कानाशी म्हटलं तरी पुष्कळदा आवंढा परत जातो. सोबती नसेल तर पाण्यात दम रोखायचाच नाही, बादली-टबातही नाही. लोकलच्या दारात उभं राहून "दादर ते माटुंगा" रोखून बघणाऱ्यांनाही हेच सांगणं.

छाती गळ्यापर्यंत ठासून भरू नका, दाब घशावर येतो. जीभ वरच्या दातांमागे सैल, ओठ जेमतेम मिटलेले. तोंडात पाणी शिरलं तर ते गिळून पुढे रेटू नका, थेट वर या.

घड्याळ

फ्रान्सच्या स्तेफान मिफ्सूदने २००९ मध्ये ११ मिनिटं ३५ सेकंद दम रोखला. तो आकडा वाचून आलेला मुलगा पहिल्याच आठवड्यात अवघड टेबल (दम रोखणं आणि मधली विश्रांती यांचं वेळापत्रक) लावतो आणि आवंढ्याला घाबरायला शिकतो. विश्रांती थोडी वाढवा, दम रोखण्याची वेळ उतरवा आणि पहिला आवंढा आल्यावर फक्त थोडाच वेळ आणखी थांबा. तेवढं सहज जमायला लागलं की मग वेळ वाढवा.

खोल पाण्यात मात्र हिशेब बदलतो. कान मोकळे करायला तोंडात धरलेली हवा आवंढ्याबरोबर पोटात गेली, तर डोकं खाली असताना छातीतून नवी हवा तोंडात आणणं कठीण, आणि वर येताना ती गिळलेली हवा पोटात फुगते. तिथे आवंढा आवरेनासा झाला की वळा आणि वर या.

वर आल्यावर बरेच जण आधी गिळतात नाहीतर सगळी हवा एकदम सोडून देतात. आधी आत ओढा, क्षणभर धरा, थोडीच सोडा, असं तीन-चार वेळा. जमिनीवर, एरवीही घशात सारखं अडकल्यासारखं वाटत असेल, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा, तो टेबलाचा प्रश्न नाही.