डेंग्यूत प्लेटलेटच्या आकड्यामागे धावू नका: या चुका टाळा

पावसाळा सुरू झाला की माझ्या परळच्या दवाखान्यात नातेवाइकांचा पहिला प्रश्न ‘प्लेटलेट किती?’ हाच असतो, आणि मोबाइलवर दाखवलेला सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा, रिपोर्टही बहुधा त्या एका ओळीपुरताच कापलेला असतो. हिमॅटोक्रिटची, म्हणजे रक्तात तांबड्या पेशींचा वाटा किती टक्के आहे त्याची ओळ, जी काही लॅब पीसीव्ही म्हणून छापतात, ती कापलेल्या भागात जाते आणि मला नेमकी तीच हवी असते.

डेंग्यूचा रुग्ण अत्यवस्थ होतो तो बहुतेक वेळा प्लेटलेट घटल्यामुळे नव्हे, तर केशवाहिन्या गळू लागल्यामुळे. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरावर ग्लायकोकॅलिक्स नावाचा अतिशय पातळ, शर्करायुक्त थर असतो. विषाणूचे एनएस१ हे प्रथिन आणि शरीराच्या प्रतिकारयंत्रणेने सोडलेली रसायने तो थर विस्कटतात, अस्तराच्या पेशींमधले सांधे सैल होतात आणि रक्तातला द्रव छातीच्या व पोटाच्या पोकळीत झिरपतो. तांबड्या पेशी आतच राहिल्याने रक्त घट्ट होते व हिमॅटोक्रिट चढतो. मूळ पातळीच्या २० टक्के वाढ ही गळतीची ठळक खूण मानली जाते. मूळ पातळी कळावी म्हणून मी तापाच्या पहिल्या दोन-तीन दिवसांतच एक सीबीसी करून घेतो. ‘आत्ताच कशाला?’ असे विचारणाऱ्यांशी वाद घालण्याचा मला आता कंटाळा आला आहे.

दुसरी चूक म्हणजे ताप उतरला की आजार संपला असे समजणे. गळतीचा काळ साधारण २४ ते ४८ तासांचा असतो आणि तो बहुधा ताप उतरतानाच सुरू होतो. लालबागच्या एका तरुणाचा ताप पाचव्या दिवशी उतरला, प्लेटलेट ८५,००० होत्या, म्हणून घरचे निर्धास्त झाले आणि पोटदुखी व उलट्या ॲसिडिटीच्या खात्यावर टाकल्या गेल्या. माझ्यासमोर तो नीट बोलत बसला होता; बीपी १०४/८८. सोबतचा शिकाऊ डॉक्टर ‘वरचे शंभराच्या पुढे आहे’ म्हणून बीपी मोजायचा पट्टा गुंडाळू लागला, पण दोन आकड्यांतले अंतर फक्त १६ होते आणि तळहात बर्फासारखे गार होते. आतले रक्त कमी पडले की शरीर वाहिन्या आवळून खालचा दाब चढवते. हे अंतर २० किंवा त्याहून कमी झाले, तर तो शॉकच, म्हणजे अवयवांना रक्त अपुरे पडण्याची स्थिती, समजावा, वरचा आकडा कितीही चांगला दिसो. हिमॅटोक्रिट ४० वरून ५१ वर गेला होता. त्याला तातडीने रुग्णालयात हलवून सलाइन सुरू झाले आणि तो वाचला. त्याचा भाऊ मात्र तोवर प्लेटलेटच्या पिशव्यांसाठी रक्तपेढ्या पालथ्या घालत होता. रक्तस्राव नसताना, केवळ आकडा वाढावा म्हणून दिलेल्या प्लेटलेटने गळती थांबत नाही.

तरुण डॉक्टरांची घाई उलट्या दिशेची असते: एकदा लावलेले सलाइन त्याच वेगाने चालू ठेवायचे. गळती थांबल्यावर झिरपलेला द्रव आपोआप रक्तात परततो आणि वरून सलाइन चालूच असेल, तर फुप्फुसांत पाणी भरून दम लागतो. केसपेपरच्या मागे वेळ, बीपीचे दोन्ही आकडे, हिमॅटोक्रिट आणि लघवीचे प्रमाण असा तक्ता मी हाताने आखतो, कारण वेग कधी कमी करायचा ते त्यातूनच कळते.

तापासाठी पॅरासिटामॉल ठरलेल्या मात्रेतच घ्यावे. आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन आणि ‘ताप लगेच उतरवणारे’ डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन टाळावे.

एनएस१ची रक्तचाचणी निगेटिव्ह आली म्हणून डेंग्यू नाही असे ठरवू नये, विशेषतः पाचव्या दिवसानंतर.

पपईच्या पानांचा कडू रस पाजून उलटी झाली, की ती रसामुळे झाली की आजारामुळे हे मला सांगता येत नाही, आणि वारंवार होणारी उलटी हे तर डेंग्यूतले धोक्याचे लक्षण आहे.