जलपरीच्या शेपटीसाठी कापड निवडताना

पणजीच्या कार्निव्हलमध्ये चित्ररथावर बसून मिरवायची शेपटी आणि पाण्यात पोहायची शेपटी एकाच कापडाची करता येत नाही, त्यामुळे उपयोग कोणता हे आधी ठरवावे. पोहण्यासाठी स्विमसूटचे नायलॉन-स्पॅन्डेक्स कापड घ्यावे. म्हापशाच्या बाजारात ते निवडताना उभे आणि आडवे असे दोन्हीकडे ताणून पाहावे, आणि ताणल्यावर छपाईखालचा पांढरा धागा उघडा पडला किंवा सोडल्यावर कापड लगेच मूळ मापावर आले नाही, तर ते कितीही चमकदार असले तरी नाकारावे. सुती कापड पाणी पिऊन जड होते. टिकल्यांचे कापड मिरवणुकीपुरते छान दिसते, पण पोहताना मांड्यांना घासते. सिलिकॉन सर्वांत देखणे असले तरी पूर्ण शेपटीचे वजन सहज 10 किलोंच्या वर जाते आणि पावसाळ्यातल्या दमट हवेत ती आतून कोरडी करणे जिकिरीचे होते, म्हणून पहिल्या शेपटीसाठी मी ते सुचवणार नाही. शेपटीच्या टोकाच्या, माशासारख्या परासाठी लवचीक पॉलिकार्बोनेट प्लॅस्टिकचा पत्रा वापरावा आणि त्याच्या कडा पॉलिश पेपरने घासून गोल कराव्यात, नाहीतर त्या कापड आतून फाडतात. पाय झटकन बाहेर निघतात ना, हे उथळ पाण्यात सोबतीला कोणी असतानाच तपासावे.