तुर्की शोककाव्य कसे वाचावे

तुर्की शोककाव्य प्रथमच वाचणाऱ्याने मृताच्या स्तुतीत गुंतण्याआधी कवी या मृत्यूचा दोष कोणाला देतो आहे, ते शोधावे.

आरंभ सागूपासून करावा. इस्लामपूर्व काळात अंत्यविधीला गायिल्या जाणाऱ्या या विलापांपैकी वीर आल्प एर तुंगाचा विलाप महमूद काश्गरीच्या 11व्या शतकातील शब्दकोशामुळे टिकला. काळाने त्याच्यावर सूड उगवला काय, असे त्यात विचारले आहे. येथे आरोपी काळच आहे.

दरबारी मेर्सिये, म्हणजे ऑटोमन दरबारातील शोककविता, बहुधा तर्कीब-बंद रचनेत असते. एका यमकाची काही द्विपदे, त्यानंतर निराळ्या यमकाचे एक द्विपद, आणि मग नव्या यमकाचा पुढचा बंद म्हणजे कडवे, असा तिचा क्रम असल्याने प्रत्येक बंदाच्या शेवटी क्षणभर थांबून पुढे जावे. ऑटोमन सुलतान सुलेमान 1566 मध्ये हंगेरीतील सिगेतवारच्या वेढ्यात आपल्या तंबूत वारला आणि ही वार्ता सैन्यापासून कित्येक आठवडे लपवली गेली, हे ठाऊक असेल, तर ‘दिवस उजाडला, जगाचा राजा अजून झोपेतून उठत कसा नाही, तंबूबाहेर येत कसा नाही’ या आशयाचा, बाकी नावाच्या कवीने त्याच्यावरील मेर्सियेत विचारलेला प्रश्न वाचताना गलबलून येते.

त्या मेर्सियेशेजारी कवी ताश्लिजाली याह्याची मेर्सिये अवश्य ठेवावी. 1553 मध्ये याच सुलेमानाच्या आज्ञेने त्याचाच मुलगा राजपुत्र मुस्तफा याचा वध झाला; ही मेर्सिये त्याच्यावर आहे. याह्याही नियतीला बोल लावतो, पण तेवढ्यावर न थांबता खोटारड्याच्या कुभांडाकडे आणि छुप्या द्वेषाकडे बोट दाखवतो. रोख वजीर रुस्तेम पाशावर होता, आणि तो पुन्हा सत्तेवर आल्यावर याह्याला आपली पदे गमवावी लागली. माझ्या मते या परंपरेतील सर्वांत धाडसी रचना हीच होय.

कवी अब्दुलहक हामिदचे ‘मकबर’ (1885) हे काव्य सलग न वाचता थोडे थोडे वाचावे. तो मुंबईत तुर्की वकिलातीत असताना आजारी असलेली त्याची पत्नी फातमा परतीच्या वाटेवर बैरूतमध्ये वारली, आणि त्या शोकात त्याचे प्रश्न थेट मृत्यूपर्यंत आणि ईश्वरापर्यंत पोहोचतात.

आधुनिक कवी ओरहान वेलीच्या कवितेतील सामान्य सुलेमान एफेंदीला आयुष्यात सर्वाधिक छळले ते पायाच्या भोवरीने. नावापुरताच सुलतानाशी जुळणाऱ्या या माणसाला कवी बाकीनंतर वाचले, तरच ती कविता खरी उलगडते. कवी जेमाल सुरेया मात्र कोणालाच दोष देत नाही. तुमचे वडील कधी वारले आहेत का, असे तो वाचकालाच विचारतो, आणि माझे एकदा वारले, मी आंधळा झालो, असे सांगतो.