नादिष्ट मुलांची गोष्ट लिहिताना

मी कुमारकथांचं संपादन करते. गीक, म्हणजे एखाद्या विषयाच्या नादात बुडालेलं, पात्र असलेली कथा आली की पहिल्या पानावर बहुतेक वेळा चष्मा असतो, पाठोपाठ अडखळतं बोलणं आणि वर्गातला पहिला नंबर. त्या मुलाला नाद नेमका कशाचा आहे, हे मात्र शेवटपर्यंत कळत नाही. ‘त्याला विज्ञानाची फार आवड’ एवढ्यावर लेखक पुढे सरकलेला असतो.

तुम्ही सुरुवातच नादापासून करा, आणि तो बारीक करत न्या. नुसतं खगोलशास्त्र नको. आपण या मुलीला मुक्ता म्हणू. तिला ग्रहांचं वेड आहे, त्यातही शनीचं, त्यातही त्याच्या कड्यांचं. इथवर आलात की कथानक आपोआप हाताशी येतं. शनीची कडी साधारण दर 15 वर्षांनी पृथ्वीवरून अगदी कडेवरून दिसतात, आणि ती इतकी पातळ आहेत की छोट्या दुर्बिणीतून त्या काळात जवळजवळ नाहीशीच होतात. 2025 मध्ये असंच झालं. मुक्ताने पैसे साठवून नेमकी त्याच वर्षी पहिली दुर्बीण घेतली असेल तर? तिला हे आधीपासून ठाऊक असेल, तरी तिने थांबायचं का नाकारलं? पुढच्या वेळी कडी अशी दिसतील तेव्हा ती तिशीच्या आसपास असेल, हा हिशेब तिने कधीच करून ठेवलेला असणार. मोठं होणं म्हणजे काय, हे तिला या आकड्यातून जाणवू द्या. कुणा शहाण्या आजोबांनी सांगायची गरज नाही.

एकाच नादाची दोन मुलं सारखी नसतात. रुबिक क्यूब घ्या. एकाला सेकंद कमी करायचे असतात, तो बोटांची चपळाई घोटत बसतो. दुसरीला वेळेचं काहीच नसतं. क्यूब कसाही विस्कटलेला असला तरी तो जास्तीत जास्त 20 चालींत सुटतो, हे 2010 मध्ये सिद्ध झालं, आणि ती ‘पण 20च का?’ यावर अडून बसते. ही दोघं एका बाकावर बसवा. भांडण तुम्हाला शोधावं लागणार नाही.

ज्ञानाला भोकं ठेवा, हे मी प्रत्येक लेखकाला सांगते. चौदा वर्षांच्या मुलीला शनीचे उपग्रह तोंडपाठ असू शकतात आणि त्रिकोणमिती अजून शिकलेली नसल्यामुळे आवडत्या पुस्तकातलं अर्धं पान तिला कळत नाही, असंही असू शकतं. ते पान ती रोज उघडते. मला अशी मुलं फार खरी वाटतात. सगळं येणारं पात्र वाचकाला दूर ठेवतं.

आता संवाद. लांबलचक माहिती सांगणारं पात्र लिहायला हरकत नाही, पण ती माहिती याच क्षणी का बाहेर आली, हे तुम्हाला ठाऊक हवं. नादिष्ट मूल घाबरलं की बोलतं, कुणी आवडलं की बोलतं. त्याच्याकडे देण्यासारखं तेवढंच आहे, असं त्याला वाटत असतं. म्हणून ऐकणाऱ्याकडे जास्त लक्ष द्या. अंधाराला डोळे नीट सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. मुक्ता मैत्रिणीला हे समजावते, दोघी गप्प बसून राहतात, आणि तेवढ्यात मैत्रीण मेसेज बघायला फोन उघडते. मुक्ताचा संताप किती असेल, आणि मैत्रिणीला तो किती अनाकलनीय वाटेल! या प्रसंगात दुर्बिणीबद्दल एक वाक्यही लागत नाही.

छळाचे, चिडवण्याचे प्रसंग लिहायचे तर लिहा, पण तेवढ्यावर पात्र उभं राहत नाही. आणि चष्मा काढला, केस बदलले, नाद सुटला, मग सगळ्यांनी आपलंसं केलं, असा शेवट कृपया करू नका. तो वाचणाऱ्या मुलाला आपण सांगत असतो की तुझ्यातलं सगळ्यात जिवंत ते टाकून दे. मुक्ता बदलू दे, तिचा नाद तसाच राहू दे. पूर्वी ती दुर्बिणीला कुणाला हात लावू देत नसेल, आता आधी दुसऱ्याला बघू देत असेल. एवढा बदल मला पुरेसा वाटतो.

मसुदा झाला की त्याच विषयाचा नाद असलेल्या एखाद्या मुलाला वाचायला द्या आणि त्याने काढलेल्या चुका मुकाट्याने दुरुस्त करा. उदाहरणार्थ, मार्च 2025 मध्ये कडी नेमकी कडेवर आली तेव्हा शनी आकाशात सूर्याच्या फार जवळ होता, त्यामुळे दिसणं जवळपास अशक्य होतं. मुक्ताची रात्र त्या वर्षीच्या नोव्हेंबरात ठेवा. तेव्हा कडी पुन्हा बारीक रेघेसारखी झाली होती आणि शनी संध्याकाळी वर असायचा.